कोसा: चार हजार वर्षांत न माणसाळलेला पतंग

दरवर्षी पावसाळ्यात एक बातमी ठरलेली असते. कोकणात किंवा कोल्हापूरकडे कुठल्यातरी घराच्या भिंतीवर ताटलीएवढा पतंग येऊन बसतो, कुणीतरी मोबाइलवर फोटो काढतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा: 'दुर्मिळ ॲटलास पतंग आढळला'. दरवर्षी आढळतो आणि तरी दरवर्षी दुर्मिळच असतो! ॲटलासबद्दल माझी काही तक्रार नाही, देखणाच आहे तो. पण त्याच्याच कुळातला, आकाराने जरा लहान असा एक भाऊबंद विदर्भाच्या जंगलात राहतो. त्याच्या जातीने माणसाला निदान चार हजार वर्षं रेशीम पुरवलंय आणि त्याच्यावर मथळा आलेला मी तरी पाहिला नाही. गेले दोन-तीन वीकेंड मी या पतंगाच्या मागे होतो (पुस्तकांतून आणि इंटरनेटवरून, जाळं घेऊन नव्हे). त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतोय.

शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिटा. आपण त्याला टसर म्हणतो, विदर्भात आणि छत्तीसगडात कोसा म्हणतात. कोश, कोष, कोसा, कोसला हा सगळा एकाच घरातला शब्दांचा गोतावळा. कोसला म्हटलं की आपल्याला १९६३ सालची नेमाड्यांची कादंबरी आठवते, पण नेमाड्यांच्या आधीपासून हा शब्द किड्याच्या घरासाठी होताच. 'टसर'ची व्युत्पत्ती त्याहून मजेशीर आहे. संस्कृतात 'तसर' म्हणजे विणकराचा धोटा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात हा शब्द याच अर्थाने येतो. कोषाचा आकार दोन्ही टोकांना निमुळत्या धोट्यासारखा असतो, म्हणून ते नाव कापडाला चिकटलं असं मानतात. म्हणजे ज्या यंत्राने विणायचं त्याचंच नाव धाग्याला!

आधी प्राण्याबद्दल सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्या स्वभावावर उभी आहे.

जूनचा पहिला पाऊस पडून हवेत ओल आली की कोषातले पतंग बाहेर येतात, बहुधा संध्याकाळी किंवा रात्री. मादी मोठी, पिवळट किंवा करडी. पंख पसरले की वीतभर भरते, कधी अठरा सेंटिमीटरपर्यंत जाते. नर थोडा लहान, विटकरी-तपकिरी. दोघांच्याही चारी पंखांवर एकेक डोळा असतो आणि त्या डोळ्याच्या मधोमध चक्क काच बसवल्यासारखी पारदर्शक खिडकी. त्या जागी पंखावर खवलेच नसतात, पलीकडचं पान दिसतं. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात आणि त्यांचं काम एकच, अंधारात मादीचा वास हुंगणं. या पतंगाला कामाचं तोंडच नाही. प्रौढ झाल्यावर तो काही खात नाही, काही पीत नाही. अळी असताना साठवलेल्या शिधेवर आठवडाभर जगायचं, जोडीदार शोधायचा, मादीने दीड-दोनशे अंडी घालायची आणि संपलं.

खाणं-पिणं ते सगळं अळीपणी. आठ-दहा दिवसांत अंडी फुटतात आणि बारीकशा अळ्या पानांवर तुटून पडतात. पानं कुठली? ऐनाची आणि अर्जुनाची. उत्तरेकडे आणि पूर्वेकडे सालाचीही. ऐन आपण सह्याद्रीतही पाहतो, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेलं झाड. पूर्व विदर्भात त्यालाच येन म्हणतात. अळी चार वेळा कात टाकते आणि शेवटी पाचव्या टप्प्यात हिरवीगार, बाजूला चांदीचे ठिपके मारल्यासारखी, माणसाच्या बोटापेक्षा जाड आणि लांब होते. एवढं धूड फांदीवर असूनही पटकन दिसत नाही. कारण हिरवा रंग पानाशी इतका मिळतो की आधी झाडाखालची लेंडकं दिसतात, मग मान वर करून अळी शोधावी लागते.

आता कोष. तुतीचा रेशीमकिडा टोपलीत कुठेही कोष करतो. टसरची अळी आधी फांदीभोवती रेशमाचं एक कडं घट्ट आवळते, त्या कड्यापासून खाली एक चिवट देठ विणते आणि मग देठाच्या टोकाला कोष. हा खटाटोप कशाला? झाड पानगळीचं आहे ना! पानाला कोष चिकटवला तर उन्हाळ्यात पानाबरोबर तोही खाली पडणार, मग वणवा, डुक्कर, वाळवी. थंडीच्या सुरुवातीला केलेला कोष पुढच्या जूनपर्यंत सहा-सात महिने लटकत राहायला हवा. त्यासाठी फांदीलाच बांधलेला बरा. कोषाची भिंतही तशीच. ऑक्झलेटचे स्फटिक मिसळलेलं रेशीम, वाळलं की अक्रोडाच्या कवचासारखं टणक. नखाने टोकरून काही होत नाही.

मग आतला पतंग बाहेर कसा येतो? त्याला तर दातही नाहीत. तो तोंडाशी एक द्रव सोडतो. त्यात रेशमाच्या धाग्यांना जोडणारा डिंक विरघळवणारं एन्झाइम असतं. टसरच्या जवळच्या नात्यातल्या पतंगांवर काम करून कफाटोस आणि विल्यम्स यांनी हार्वर्डमध्ये ते वेगळं काढलं, १९६४ साली, आणि नाव दिलं कोकूनेज. गंमत म्हणजे ते डिंक विरघळवतं, धाग्याला मात्र हात लावत नाही. मऊ झालेले धागे बाजूला सारत पतंग ओला-ओला बाहेर पडतो. पण त्याची ही सुटका रेशीमवाल्याच्या दृष्टीने नुकसान. भोक पडलेला कोष सलग उकलता येत नाही, तो कापसासारखा कातावा लागतो. त्यातून निघणारं जाडंभरडं सूत म्हणजे घिचा. सलग धागा हवा तर पतंग बाहेर यायच्या आत कोष वाफेत किंवा कडक उन्हात मारायचा. जे सोवळं नेसून आजोबा देवपूजा करायचे, ज्याला विटाळ होत नाही असं मानायचे, त्याचा प्रत्येक धागा असा आला आहे. यावर आपल्या परंपरेत फारशी चर्चा झालेली दिसत नाही. असो.

आता इतिहास.

रेशीम म्हटलं की चीन, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. ते तुतीच्या रेशमापुरतं खरं आहे. पण २००९ साली आयरीन गुड, जोनाथन केनॉयर आणि रिचर्ड मेडो या तिघांनी हडप्पा आणि चन्हुदारो इथल्या जुन्या वस्तू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. हडप्पातले तांब्याच्या तारेचे दागिने, चन्हुदारोतले बारीक मणी. तांब्याच्या गंजाने आत अडकलेले धागे टिकवून ठेवले होते, आणि ते धागे रेशमाचे निघाले. नुसतं रेशीम नव्हे, अँथेरियाच्या जातीचं रानटी रेशीम, त्यात मायलिटा म्हणजे आपला टसर. हडप्पातल्या नमुन्यांचा काळ इसवी सनपूर्व सुमारे २४५० ते २०००. म्हणजे चिनी व्यापारी इकडे येण्याच्या कितीतरी आधी सिंधूकाठच्या बाईच्या अंगावरच्या दागिन्यात मध्य भारतातल्या जंगलातला किंवा तसल्याच कुठल्या जंगलातला किडा होता. हडप्पाच्या आसपास टसर होत नाही, तेव्हा तो कुठून तरी विकत आला असणार.

दुसरा पुरावा तर आपल्या घरचा. प्रवरेकाठचं नेवासं आपल्याला ज्ञानेश्वरीमुळे माहीत. तिथे १९५४ ते ५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळियांनी उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या दफनात गळ्यातली तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. मणी ओवलेला दोरा तांब्याच्या क्षारांमुळे थोडा शिल्लक होता. तो तपासायला गेला ए. एन. गुलाटी यांच्याकडे आणि १९६१ साली त्यांनी लिहिलं की यात रेशीम आहे, कापसाबरोबर कातलेलं. तीन हजार वर्षांहून जुनं, महाराष्ट्रातलं रेशीम. कुणाचं मूल, कसं गेलं, काही कळायला मार्ग नाही. पण ज्यांनी त्याच्या गळ्यात माळ घातली त्यांना साधा सुताचा दोरा चालला नसावा एवढं दिसतं.

लेखी पुरावे त्यानंतरचे. पाणिनीला 'कौशेय' शब्दासाठी वेगळं सूत्र करावं लागलं, म्हणजे तेव्हा तो शब्द रोजच्या वापरातला असणार. मला जास्त आवडला तो कौटिल्य. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात खजिन्यात कुठला माल घ्यावा याची यादी आहे, त्यात 'पत्रोर्ण' नावाचं कापड येतं. पत्र म्हणजे पान, ऊर्णा म्हणजे लोकर. पानांवरची लोकर! मगध, पुंड्र आणि सुवर्णकुड्य इथली. आणि पुढे झाडांप्रमाणे रंग दिलेत: नागवृक्षावरची पिवळी, लिकुचावरची गव्हाळ, बकुळीवरची पांढरी, वडावरची लोण्याच्या रंगाची. ही यादी करणारा माणूस कचेरीत बसून लिहीत असला तरी त्याला माहिती देणारा जंगलात जाऊन आलेला होता. किडा खातो त्या पानावर रेशमाचा रंग अवलंबून असतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. टसरला तो मधाळ-बदामी रंग येतो तो झाडांतल्या टॅनिनशी संबंधित आहे हे आधुनिक रसायनशास्त्रही सांगतं. (कौशेय आणि चीनपट्ट ही नावं कौटिल्य लगेच पुढे घेतो. देशी आणि चिनी यातला फरक त्याला कळत होता.)

मधली दीडेक हजार वर्षं मी एका उडीत ओलांडतो, कारण त्या काळात टसर वापरलं गेलं एवढंच ठिकठिकाणी कळतं, किड्याबद्दल कुणी फार लिहीत नाही. एकदम कंपनी सरकारच्या काळात येतो.

युरोपातल्या निसर्गशास्त्रज्ञांना या पतंगाचं नाव ठेवताना प्रेमदेवताच का सुचल्या कोण जाणे. लिनिअसने १७५८ साली या गटातल्या दक्षिणेकडच्या पतंगाला पॅफिया म्हटलं. पॅफिया म्हणजे सायप्रसमधल्या पॅफॉसची ॲफ्रोडाइटी. १७७३ साली ड्रुरीने मायलिटा नाव दिलं. हिरोडोटसच्या म्हणण्याप्रमाणे असीरियन लोक त्याच देवतेला मायलिटा म्हणत. आठवडाभराच्या उपाशी आयुष्यात फक्त जोडीदार शोधणाऱ्या प्राण्याला नाव शोभतं खरं. पुढे शंभरेक वर्षं मायलिटा आणि पॅफिया एकच की दोन यावर वाद चालला.

पहिलं नीट वर्णन केलं विल्यम रॉक्सबर्गने. हा कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख. त्याचा टसर आणि एरी या किड्यांवरचा निबंध लंडनच्या लिनिअन सोसायटीने १८०४ साली छापला. कंपनीला रस अर्थातच पैशांत होता, आणि पहिल्यापासून प्रश्न एकच होता: हा किडा घरात पाळता येईल का? तुतीचा किडा किती सोयीचा! हजारो वर्षं माणसाने निवडून-निवडून त्याचा स्वभावच बदलून टाकलाय. पतंगाला उडता येत नाही, अळी टोपली सोडून जात नाही, पान टाकलं नाही तर जागेवर उपाशी मरते. टसर यातलं काहीच ऐकत नाही. घरात अंडी उबवली तरी अळ्यांना उघड्यावरची ताजी पानं लागतात, नर पतंग खिडकीतून निघून जातात. आमच्या भाषेत सांगायचं तर तुतीच्या किड्याची दर रिलीजला चाचणी झाली आहे, टसर मात्र अजून मूळ कोडवर चालतोय.

मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये आग लागली. पेब्रीन नावाच्या रोगाने तुतीचे किडे मरायला लागले. १८५३ साली फ्रान्समध्ये २६ हजार टन कोष निघत होते, १८६५ साली ते ४ हजार टनांवर आले. लुई पाश्चरला सरकारने दक्षिणेला धाडलं ते याच कामासाठी, आणि त्याला तोपर्यंत रेशीमकिड्यांचा काडीचा अनुभव नव्हता. दरम्यान सगळ्या जगात दुसरे रेशीमकिडे शोधायची लाट आली. त्यातली एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मेडफर्ड गावी त्रूव्हलो नावाचा एक फ्रेंच माणूस राहत होता. त्याने टसरच्या अमेरिकन चुलतभावाला, पॉलिफीमसला, पाळायला घेतलं. घरामागच्या रानावर जाळी टाकून त्याने म्हणे दहा लाख अळ्या वाढवल्या. त्यावरही समाधान होईना, म्हणून १८६८-६९ च्या सुमारास त्याने युरोपातून आणखी एका पतंगाची अंडी आणवली. त्यातले काही निसटले. त्रूव्हलोने तो नाद सोडला, खगोलशास्त्राकडे वळला आणि ग्रहताऱ्यांची अप्रतिम चित्रं काढून नाव कमावलं. निसटलेल्या पतंगाने १८८९ साली मेडफर्डची झाडं ओरबाडून काढली, आणि आजतागायत अमेरिकेची ओकची जंगलं तो खातोय. तोच तो जिप्सी मॉथ, ज्याचं इंग्रजी नाव २०२२ साली बदलून स्पाँजी मॉथ केलं.

इंग्लंडमध्ये या लाटेवर स्वार झाला तो थॉमस वार्डल. लीक गावचा रंगारी. टसरची अडचण अशी की तो धागा रंग घ्यायला तयार नसे. मूळचा बदामी रंग जात नाही आणि धागा तुतीच्या रेशमासारखा गोल नसून फितीसारखा चपटा, त्यामुळे बाजारात त्याला किंमत नव्हती. वार्डलने वर्षानुवर्षं डोकं फोडून त्याला फिके-गडद सगळे रंग चढवून दाखवले. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या टसरने नाव काढलं. याच वार्डलकडे विल्यम मॉरिस रंगकाम शिकायला आला होता आणि कोपरापर्यंत निळीत हात बुडवून बसायचा. पुढे मॉरिसची काही डिझाइनं टसरवर छापली गेली. टसरच्या चोथ्यापासून सीलच्या कातड्यासारखं दिसणारं लवदार कापडही निघालं आणि इंग्लंडच्या बायका ते कोट करून घालू लागल्या. म्हणजे जंगलात एका झाडावर लटकलेला किडा, आणि त्याच्या जिवावर दुसऱ्या एका प्राण्याची नक्कल!

वार्डलचं भारतातल्या रानटी रेशमावरचं पुस्तक १८८१ साली आलं. ते चाळताना मला एकदम आपलं गाव दिसलं. मेजर कूसमेकर नावाचे मुंबई इलाख्याच्या नोकरीतले एक अधिकारी १८७० च्या दशकात पुण्यात टसर पाळायच्या मागे लागले होते. ऐन-अर्जुन पुण्यात हाताशी नाही, तर यांनी बोर, करवंद आणि बागेतल्या लॅगरस्ट्रोमियाची पानं घालून पाहिली. अळ्यांनी खाल्लीही. माणूस चिकाटीचा असणार, निरीक्षणं अगदी बारकाईची आहेत आणि वार्डलने ती आदराने छापलीत. पण प्रयोगातून धंदा काही उभा राहिला नाही. पुण्याच्या बंगल्याच्या कुंपणावर सरकारी खर्चाने वाढवलेली टसरची अळी एवढंच त्याचं फलित. आज पुण्यात कुणाला हे नाव माहीत नाही.

आणि ज्या वेळी हे मेजरसाहेब कुंपणावर प्रयोग करत होते त्या वेळी चारशे-पाचशे मैलांवर भंडारा-चांद्याच्या जंगलात ढिवर हे काम पिढ्यान् पिढ्या करत होते. या गोष्टीचे खरे नायक ते, आणि त्यांच्याबद्दल कागदावर फार थोडं आहे. ढिवर म्हणजे मूळचे मासेमार. तलावात मासे धरायचे आणि पावसाळ्यापासून थंडीपर्यंत जंगलात कोसा धरायचा, असं दुहेरी गणित. कोषांच्या माळा करून झोपडीत टांगायच्या, पतंग निघाले की जोड्या लावायच्या, अंडी पानांच्या द्रोणात ठेवून ती ऐनावर नेऊन बांधायची. त्यानंतर सुमारे महिना-दीड महिना राखण. एका झाडाचा पाला संपला की अळ्यांसकट फांद्या तोडून दुसऱ्या झाडावर. आणि शत्रू किती! कावळे, सरडे, खारी, मुंग्या, गांधीलमाश्या, अळीचा रस शोषणारे ढेकूण, आणि सगळ्यात वाईट ती उझी माशी, जी अळीच्या अंगावर अंडं घालते. गोफण, आरोळ्या, टाळ्या, आणि दिवसभर वर बघून दुखणारी मान. वर्षात दोन, कुठे तीन पिकं. त्यातलं पावसाळ्यातलं पहिलं बहुतेक बियाण्यापुरतं, पैसा येतो तो नंतरच्या पिकातून.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतांतल्या जातिजमातींवर जे जाडजूड ग्रंथ काढले, त्यांत कोसा पाळणाऱ्यांच्या पाळणुकीही आहेत. किडे झाडावर असेतो बायकोपासून लांब राहायचं, हजामत करायची नाही, खाण्यापिण्याचे निर्बंध पाळायचे. प्रत्येक प्रथेमागे विज्ञान शोधून काढायची आपल्याकडची खोड मला आवडत नाही. पण एवढं म्हणतो की साथीच्या रोगाने एका रात्रीत मरणाऱ्या प्राण्याची राखण करणारा माणूस गावात ये-जा न करता जंगलात एकटा राहिला, तर प्राण्याचं काही वाईट होत नाही. याच ग्रंथांच्या आसपास 'कोष्टी' हे नाव कोशावरून आलं अशी व्युत्पत्तीही वाचायला मिळते. भंडारा जिल्ह्यातलं आंधळगाव आजही टसर विणण्यासाठी ओळखलं जातं, आणि करवतीच्या दातांसारखा काठ असलेली विदर्भाची ती करवतकाठी साडी, तिलाही टसरच लागतो.

खरी अडचण किड्याची नव्हतीच, झाडाची होती. अळीला कोवळा पाला हवा, म्हणून ढिवर ऐनाचा शेंडा छाटतो, झाड झुडपासारखं बुटकं ठेवतो. वनखात्याला ऐन हवा सरळसोट, इमारती लाकडासाठी. एकाच झाडाकडे बघणारी दोन माणसं, एकाला त्यात वासा दिसतो, दुसऱ्याला कुरण. १८७८ च्या कायद्याने जंगलं राखीव झाली तेव्हा निकाल लागला. १९२७ चा भारतीय वन कायदा उघडून बघा. कलम २ मध्ये वनोपज म्हणजे काय याची व्याख्या आहे. त्यात रानटी जनावरं, कातडी, सुळे, शिंगं, हाडं यांच्या पंक्तीला रेशीम, कोष, मध आणि मेण बसवलंय. म्हणजे ज्या कोषासाठी माणसाने घरची अंडी झाडावर नेऊन बांधली आणि दीड महिना गोफण फिरवली, तो कायद्याच्या लेखी जंगलात सापडलेल्या शिंगासारखा. झाड सरकारचं, पान सरकारचं, म्हणून पानाचं रेशीमही. पत्रोर्णाचा असा अर्थ कौटिल्यालाही सुचला नसता.

हे बदलायला २००६ साल उजाडलं. वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची जी व्याख्या केली तीत बांबू, मध, मेण, लाख, तेंदूपत्ता यांच्याबरोबर टसर आणि कोष यांची नावं घेतली, आणि ते गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा हक्क जंगलात राहणाऱ्यांना दिला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी एक. तिथली बातमी मुख्यतः बांबूची झाली, कारण पैसा बांबूत जास्त. पण शब्द पाहिलेत तर १९२७ आणि २००६ दोन्ही कायद्यांत कोष आहे, फक्त मालक बदललाय. अर्थात ढिवर पारंपरिक वनवासी असला तरी आदिवासी म्हणून नोंदलेला नाही. अशांना याच कायद्यात तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांचा इतिहास कुणी लिहिला नाही त्यांच्याकडे कागद मागायचा!

दरम्यान पाश्चर विदर्भात पोचला. त्याने पेब्रीनवर शोधलेला उपाय साधा होता: अंडी घालून झाली की मादी कुटायची, तो रस सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, रोगाचे बीजाणू दिसले तर तिची सगळी अंडी जाळायची. टसरचं सरकारी बियाणं आजही याच पद्धतीने तयार होतं, आणि निर्धोक ठरलेल्या अंड्यांच्या गटाला रेशीम खात्याच्या भाषेत 'अंडीपुंज' म्हणतात. किती अंडीपुंज मिळाले आणि कधी मिळाले यावर कोसा उत्पादकाचं वर्ष ठरतं. पाऊस सुरू झाला आणि अंडीपुंज उशिरा आले, तर पाला जून होतो.

कोष निघाल्यावरचं काम बायकांचं. टणक कोष सोड्याच्या पाण्यात उकळायचे, मऊ झाले की चार-पाच कोषांची टोकं एकत्र धरून उघड्या मांडीवर हाताने पीळ देत धागा ओढायचा. दिवसभर. मांडीची कातडी सोलवटून निघते, जखमा होतात. शेकडो वर्षं टसरचं सगळं कौतुक त्या मांडीवरून वळून बाहेर आलंय, हे वार्डलच्या पुस्तकात नाही आणि साडीच्या दुकानातही कुणी सांगत नाही. केंद्रीय रेशीम मंडळाने अलीकडच्या वर्षांत 'बुनियाद' नावाचं छोटं कताई यंत्र काढून ही पद्धत बंद करायचं ठरवलं आणि २०१९ च्या सुमारास देशभर यंत्रं वाटली. मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा शोध तो वाटतो, कोकूनेजपेक्षाही.

आणि माणसाळवायचं काय झालं? रांचीला १९६४ पासून टसरवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे. तिथे पानांऐवजी कृत्रिम खाद्य, घरातलं संगोपन, संकर सगळं करून पाहिलंय. सध्याची तडजोड अशी की अळ्या अगदी लहान असताना, जेव्हा मुंग्या आणि पाऊस त्यांचा सर्वाधिक फडशा पाडतात, तेव्हा त्यांना लावलेल्या अर्जुनाच्या झुडपांवर नायलॉनच्या जाळीखाली ठेवायचं. मोठ्या झाल्या की पुन्हा उघड्या झाडावर. तिथून पुढे राखणदार आणि गोफण. बस्तरचा 'रैली' नावाचा टसर तर एवढंही मान्य करत नाही, तो सालाच्या जंगलात आपला आपण वाढतो आणि लोक कोष वेचून आणतात.

कुणी मार्च-एप्रिलमध्ये नागझिरा, ताडोबा किंवा आरमोरीकडे जाणार असेल तर वाघ दिसेपर्यंतच्या वेळात एक करा. पानं गळालेल्या ऐनाच्या बारीक फांद्या बघा. करड्या रंगाचं, कोंबडीच्या अंड्याहून जरा लहान, देठाला लोंबणारं फळ दिसलं तर ते फळ नाही. हात लावू नका, जूनपर्यंत त्याला तिथेच राहायचंय.